ओळख-व्यवस्थापन, उच्च शिक्षणातील (गेवराईच्या संदर्भासह)

ओळख-व्यवस्थापन, उच्च शिक्षणातील : महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या संगणकीय सेवा वापरू पाहणारी व्यक्ती कोण, संस्थेशी तिचे नाते काय आणि तिला काय काय उघडून द्यायचे, हे ठरवणारी व्यवस्था. तिच्या खाली तारांचे जाळे असते. वर निकाल, शिष्यवृत्ती, ई-ग्रंथालय अशा सेवा असतात. या दोहोंना सांधणाऱ्या मधल्या थराला मिडलवेअर म्हणतात. जाळे गेले की सगळ्यांना कळते, सेवा बंद पडली की बोंब होते. मधला थर मात्र कोणाला दिसत नाही, आणि तालुक्याच्या गावात घोडे अडते ते बहुधा तिथेच.

गेवराई हे बीड जिल्ह्यातले सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्गावरचे तालुक्याचे गाव. बीड इथून साधारण 30 किलोमीटरवर, तर छत्रपती संभाजीनगर 100 किलोमीटरच्या आत. तालुक्याच्या उत्तर अंगाने गोदावरी वाहते. तिच्याच काठच्या राक्षसभुवनला 10 ऑगस्ट 1763 रोजी पेशव्यांनी निजामाला हरवले. गावातले र. भ. अट्टल कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालय डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहे. हे विद्यापीठ 23 ऑगस्ट 1958 रोजी मराठवाडा विद्यापीठ म्हणून सुरू झाले. 14 जानेवारी 1994 रोजी त्याचा नामविस्तार झाला.

ओळखीचा घोळ गावाच्या नावापासूनच सुरू होतो. इंग्रजीत काही सरकारी याद्या हे नाव 'जिओराई' वाचावे असे लिहितात, काही ठिकाणी ते 'गेवराई' असे उच्चाराबरहुकूम असते. जिल्ह्याच्या शेजाऱ्यांची नावेही आता बदलली : औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचे धाराशिव. माणसाला यात काहीच अडचण वाटत नाही. संगणकाला मात्र एक अक्षर इकडचे तिकडे झाले की तो वेगळा तालुका, वेगळा जिल्हा आणि पर्यायाने वेगळा विद्यार्थी वाटतो.

जाळे. भारतातल्या शैक्षणिक जाळ्याची पहिली गाठ मुंबईत बसली. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 1986 मध्ये 'अर्नेट' हा प्रकल्प सुरू केला. पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र हे त्याचे भागीदार होते. जुहूचे केंद्र आणि पवईची आयआयटी यांच्यात टेलिफोनच्या तारेवरून ईमेल जाऊ लागला, तेव्हा सर्वसामान्यांना इंटरनेट मिळायला अजून अनेक वर्षे होती. ते आले 15 ऑगस्ट 1995 रोजी. जुहूचे केंद्र पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये विलीन झाले.

दुसरा मोठा टप्पा राष्ट्रीय ज्ञान जाळ्याचा. ज्ञान आयोगाच्या शिफारशीतून ते उभे राहिले. त्याच्या आरंभीच्या टप्प्याचे उद्घाटन 9 एप्रिल 2009 रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते झाले, आणि मार्च 2010 मध्ये केंद्राने त्यासाठी 5,990 कोटी रुपये मंजूर केले. दीड हजारांवर विद्यापीठे आणि संशोधन संस्था जोडायच्या, असा आराखडा होता. त्यात विद्यापीठ बसते. तालुक्याचे संलग्न महाविद्यालय थेट बसत नाही. महाविद्यालयांसाठी 2009 च्याच राष्ट्रीय शिक्षण अभियानातून बीएसएनएलच्या ब्रॉडबँड जोडण्या आल्या. तीन चतुर्थांश खर्च केंद्राचा, उरलेला संस्थेचा. वेग त्या काळाच्या मानाने बरा होता, तारा तांब्याच्या होत्या. मग 2016 च्या सप्टेंबरात जिओ आले आणि जाळे विद्यार्थ्याच्या खिशात गेले.

तेव्हा 'खेड्यात नेट नाही' ही तक्रार आता अर्धीच खरी आहे. वीज जाते, रस्त्याच्या कामात केबल तुटते, हे सगळे आहेच. पण नेट असूनही दार उघडत नाही, हा अनुभव त्याहून नेहमीचा झाला आहे.

मधला थर. हा थर काय करतो ते गेवराईत समजावून सांगणे पुण्यापेक्षा सोपे आहे. दिवाळीच्या आगेमागे तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरतात. गढीला जय भवानी सहकारी साखर कारखाना असला, तरी टोळ्या बाहेर जातातच. तिथला कारखाना प्रत्येक तोडकऱ्याला ओळखत नाही. तो मुकादमाला ओळखतो. टोळीत किती कोयते आहेत (एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी) हे मुकादम सांगतो आणि त्याच्या शब्दावर उचल मिळते. संगणकीय ओळखीतही अशीच तीन माणसे असतात. सेवा देणारा, म्हणजे कारखाना. ओळख पटवणारा, म्हणजे मुकादम; इथे ते महाविद्यालय. आणि ज्याचे काम आहे तो विद्यार्थी. असे अनेक 'मुकादम' आणि अनेक 'कारखाने' एकाच नियमावलीवर सह्या करतात तेव्हा फेडरेशन तयार होते. मग प्रत्येकाला प्रत्येकाशी वेगळा करार करावा लागत नाही.

उपमा इथपर्यंतच चालते. मुकादमाचा शब्द तोंडी असतो, फेडरेशनमधला शब्द डिजिटल सहीचा असतो. शिवाय टोळीचे सगळे मुकादमाला ठाऊक असते आणि तो ते हवे तिथे सांगू शकतो. चांगल्या मिडलवेअरचा कस नेमका उलट : विचारले तेवढेच सांगायचे. परदेशातला प्रकाशक विचारतो, 'समोरचा तुमचा विद्यार्थी आहे का?' महाविद्यालयाचा सर्व्हर म्हणतो, 'आहे.' नाव, जात, मोबाइल क्रमांक यातले काहीही पलीकडे जात नाही, पासवर्ड तर नाहीच. विद्यार्थी, अध्यापक, कर्मचारी, माजी विद्यार्थी ही नाती सगळ्यांना सारखीच कळावीत म्हणून 2001 मध्ये अमेरिकी विद्यापीठांनी 'एज्युपर्सन' नावाची शब्दसूची ठरवली. ही नाती ज्या वहीत नोंदलेली असतात ती वाचण्याच्या नियमसंचाला 'एलडॅप' म्हणतात. तो 1990 च्या दशकाच्या आरंभी मिशिगन विद्यापीठात घडला. सहीचा शब्द ज्या साच्यात जातो तो 'सॅमल'. त्याची आजची आवृत्ती 2005 ची.

हे सगळे जुळवून आणणाऱ्या सर्वांत प्रसिद्ध सॉफ्टवेअरचे नाव शिबोलेथ. 'इंटरनेट2' या अमेरिकी विद्यापीठांच्या संघाने ते घडवले आणि 2003 मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. नाव बायबलातल्या शास्त्यांच्या पुस्तकातून घेतलेले आहे. तिथे नदीचा उतार ओलांडणाऱ्याला हा शब्द उच्चारायला लावत आणि 'श'च्या जागी 'स' आला की तो शत्रू ठरे. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. 'चहा' आणि 'चाक' यांतले दोन वेगळे 'च', किंवा 'बाळ'मधला 'ळ', यांवरून परका बोलणारा आपणही ओळखतोच. फरक इतकाच, की मूळ गोष्टीत चुकणाऱ्याचा जीव जात असे.

भारतातील व्यवस्था. इथे महाराष्ट्राचा वाटा ठळक आहे. विद्यापीठांची ग्रंथालये जोडणारा 'इन्फ्लिबनेट' हा प्रकल्प विद्यापीठ अनुदान आयोगाने 1991 मध्ये पुण्याच्या 'आयुका'च्या छत्राखाली सुरू केला. जयंत नारळीकरांनी उभारलेली ही खगोलशास्त्राची संस्था ग्रंथालयांच्या जाळ्याचे माहेर ठरली. 1996 मध्ये इन्फ्लिबनेट स्वतंत्र झाले. आता ते गांधीनगरला आहे. शिबोलेथवर चालणारे 'इन्फेड' हे फेडरेशन त्याचेच.

गेवराईसारख्या ठिकाणी या साऱ्या यंत्रणेचे एकच रूप ओळखीचे असते : एन-लिस्ट. 2010 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत महाविद्यालय वर्षाला 5,000 रुपयांच्या आसपास वर्गणी भरते आणि सहा हजारांहून अधिक नियतकालिके व लाखाहून अधिक ई-पुस्तके उघडी होतात. प्रक्रिया साधी आहे. ग्रंथपाल प्रवेशाची यादी घेऊन बसतो, नावे आणि ईमेल भरतो, प्रत्येकाच्या पत्त्यावर वापरनाव व पासवर्ड जातो. इथपर्यंत ठीक. पण यादीतल्या मुलाचा ईमेल बहुधा बारावीच्या अर्जाच्या वेळी नेट कॅफेवाल्याने काढून दिलेला असतो आणि त्याचा पासवर्ड त्या कॅफेवाल्याच्याच वहीत असतो. म्हणजे लाखभर पुस्तकांची किल्ली पोहोचते, पण भलत्याच माणसाकडे.

'वन नेशन, वन सबस्क्रिप्शन' ही योजना केंद्राने 25 नोव्हेंबर 2024 रोजी मंजूर केली. तीन वर्षांसाठी सुमारे 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, 13 हजारांवर नियतकालिके. पहिल्या टप्प्यात मात्र केंद्र व राज्य शासनाच्या व्यवस्थापनाखालील संस्था धरल्या आहेत. मराठवाड्यातली बहुसंख्य महाविद्यालये खासगी शिक्षण संस्थांनी काढलेली, शासनाच्या अनुदानावर चालणारी आहेत. त्यांना एन-लिस्टवरच भागवावे लागते.

एज्युरोम हा या कुटुंबातला आणखी एक सदस्य. एका संस्थेचा विद्यार्थी दुसऱ्या संस्थेत गेला की स्वतःच्याच वापरनावाने तिथल्या वाय-फायला जोडला जातो. कल्पना नेदरलँड्समधली, भारतात अर्नेट ती चालवते.

क्रमांकांची गर्दी. पदवीच्या पहिल्या वर्षाला आलेल्या मुलीकडे आज किती ओळखी असतात? विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला 'पीआरएन'. अभ्यासक्रमाचे श्रेयांक साठवणाऱ्या क्रेडिट बँकेचा 12 अंकी 'अपार' क्रमांक. ही बँक 29 जुलै 2021 रोजी सुरू झाली आणि नव्या शैक्षणिक धोरणापासून तिच्यावाचून चालत नाही. डिजिलॉकर. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीचे वापरनाव. एन-लिस्टचे वेगळे. आणि सगळ्यांच्या बुडाशी आधार, ज्याचा पहिला क्रमांक देशात 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबारच्या टेंभलीत दिला गेला.

हे क्रमांक एकमेकांशी जुळायला नाव जुळावे लागते. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, मग मुलीचे नाव, मग वडिलांचे. आईचे नाव वेगळ्या रकान्यात. आधारवर मुलीचे नाव आधी, आडनाव शेवटी. स्पेलिंग दोन्हीकडे वेगळे असू शकते. लग्नानंतर नाव बदलले असेल तर तिसरेच. मग गॅझेट, प्रतिज्ञापत्र आणि फेऱ्या.

त्याहून मोठा अडसर ओटीपीचा. आधारला जोडलेला मोबाइल पुष्कळ घरांत वडिलांचा असतो. शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचा हंगाम आणि तोडणीचा हंगाम एकमेकांवर चढतात. मुलगी गेवराईच्या अर्ज भरण्याच्या केंद्रात खुर्चीवर बसलेली, ओटीपी कोल्हापूरकडच्या एखाद्या फडात वाजलेला, फोन गाडीला अडकवलेल्या पिशवीत. आधारचा ओटीपी दहा मिनिटांत विझतो. पुन्हा फोन, पुन्हा ओटीपी. मुलीची ओळख पटवण्याची ही पद्धत खरे तर एका सिमकार्डाची ओळख पटवते, आणि ते सिमकार्ड तिचे नसते. व्यवस्थेतला दोष म्हणायचा तर हाच. वेगाचा प्रश्न त्यानंतरचा.

उपाय. महाविद्यालयाने विद्यार्थ्याला स्वतःच्या 'एसी डॉट इन' नावाचा ईमेल देणे ही पहिली पायरी. हे नाव फक्त शैक्षणिक संस्थांना मिळते आणि त्याची नोंदणी अर्नेटकडे होते. प्रवेशाच्या दिवशी, समोर मूल उभे असताना, कागद बघून खाते उघडले की ओळख पटवणारे महाविद्यालयच असते, कॅफेवाला किंवा सिमकार्ड नव्हे. याच खात्यावर एन-लिस्ट चालू शकते, वाय-फाय चालू शकते. विद्यार्थी बाहेर पडला की खाते 'माजी विद्यार्थी' या नात्यावर टाकायचे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याची दिशाही हीच आहे : गरजेपुरती माहिती गोळा करा आणि काम संपले की काढून टाका. शासकीय शिष्यवृत्तीला मात्र आधार लागतोच. तिथे प्रवेशाच्या वेळीच मुलीच्या हातातला क्रमांक आधारला जोडून घ्यायला सांगणे, एवढेच महाविद्यालयाच्या हाती आहे.

एलडॅप, वाय-फायवर ओळख पटवणारे रेडियस आणि शिबोलेथ या तिन्हींची मुक्त सॉफ्टवेअरे फुकट मिळतात. फुकट मिळत नाही तो ती चालवणारा माणूस. अनुदानित महाविद्यालयात त्यासाठी सहसा वेगळे पद नसते. यादी, पासवर्ड, विसरलेला पासवर्ड आणि रविवारी येणारा फोन, हे सगळे ग्रंथपालाच्या वाट्याला येते.