जायफळाची मक्तेदारी आणि कबुतरे

एखादी वनस्पती एकाच जागी बांधून ठेवता येते का, याचा इतिहासातला सर्वांत क्रूर प्रयोग बांदा बेटांवर झाला. हे बांदा सिंधुदुर्गातले नव्हे, इंडोनेशियाच्या पूर्व भागातले. आणि जगाच्या बाजारात येणारे जायफळ सतराव्या शतकात जवळजवळ सगळे तिथूनच येई. 1621 साली डच ईस्ट इंडिया कंपनीच्या यान पीटरझोन कून याने ही बेटे जिंकली. सुमारे 15,000 वस्तीपैकी बेटांवर जेमतेम हजारभर माणसे उरली असा अंदाज आहे. बाकीची मारली गेली, उपासमारीने गेली, पळाली किंवा गुलाम करून नेली गेली. मग जमिनीचे 68 वाटे पाडून बागा गुलामांकरवी कसायला दिल्या. बांद्याबाहेर जायफळाची झाडे सापडली की ती तोडायची, आणि निर्यातीचे जायफळ चुन्याच्या पाण्यात बुडवायचे, म्हणजे परक्याच्या हाती रुजणारे बी लागणार नाही, असा बंदोबस्त होता. या बंदोबस्तात माणसांचा विचार पुरेपूर होता. झाड बी दूर का पाठवते, हा विचार मात्र नव्हता, आणि माझ्या मते मक्तेदारीची खरी कमजोरी तिथेच होती.

पिकलेले जायफळ झाडावरच उकलते. पिवळट साल दुभंगते आणि आत तपकिरी, तकतकीत बियाभोवती लालभडक जायपत्री दिसते. माणसाने जायपत्रीला मसाला मानले, पण झाडाने ती पक्ष्यांसाठी घडवलेली आहे. ती स्निग्धांशाने भरलेली असते आणि लांबून नजरेत भरते. निसर्ग अभ्यासक आल्फ्रेड रसेल वॉलेस 1857 मध्ये बांद्याला पोचला, तेव्हा तिथली मोठी कबुतरे अख्खे बी गिळतात, जायपत्री पचवतात आणि बी धक्का न लावता बाहेर टाकतात, हे त्याने नोंदवले. जायपत्री ही वाहतुकीची मजुरी आहे, आणि ती आगाऊ दिलेली आहे.

इतका खर्च झाड का करते? आपल्याच सावलीत बी टाकले तर जागा ओळखीची, माती अनुकूल. मग ते दूर का धाडायचे? याचे उत्तर 1970-71 मध्ये डॅनियल जॅन्झन आणि जोसेफ कॉनेल या परिसंस्थाशास्त्रज्ञांनी वेगवेगळे काम करून एकाच दिशेने दिले. मोठ्या झाडाखाली त्या जातीवर जगणारे किडे आणि बुरशी आधीच ठाण मांडून बसलेल्या असतात; तिथे पडलेले बी त्यांच्या ताटात पडते. पनामातल्या बारो कोलोराडो बेटावर जायफळाच्याच कुळातल्या व्हायरोला या झाडाचा अभ्यास झाला. झाडाखाली पडलेल्या बियांपैकी 99 टक्क्यांहून जास्त बिया बारा आठवड्यांत नष्ट झाल्या, मुख्यतः सोंडकिड्यांमुळे. सुमारे 45 मीटर दूर गेलेल्या बियांची जगण्याची शक्यता कित्येक पट जास्त निघाली. दुसरे कारण भावंडांचे: एकाच जागी शेकडो रोपे उगवली तर ती परस्परांचाच प्रकाश आणि पाणी ओढतात. तिसरे कारण संकटाचे: वादळ, पूर, ज्वालामुखी यांतून कोणती जागा वाचेल हे आधी कळत नाही. झाडाला यातले काही ठाऊक असते असे नव्हे. ज्यांचे बी दूर गेले त्यांचीच संतती उरली, एवढेच.

इथे एक रास्त आक्षेप येतो. जायफळात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. एकटे बी दूरच्या बेटावर रुजले तरी वंश पुढे चालणार नाही. मग दूर जाण्याचा फायदा काय? एका बियापुरता हा आक्षेप बरोबर आहे. पण ही कबुतरे थव्याने हिंडतात आणि त्याच त्या झाडांवर वर्षानुवर्षे उतरतात. ती एक बी टाकत नाहीत, टाकतच राहतात. बहुतेक बिया वाया जातात, आणि तरीही हिशोब जुळतो.

दुसरा आक्षेप इतिहासाचा आहे. मक्तेदारी कबुतरांनी नव्हे, माणसांनी मोडली. 1770 मध्ये प्येर प्वाव्र याने पाठवलेल्या फ्रेंच जहाजांनी मॉरिशसला रोपे नेली. 1796 मध्ये बांदा ब्रिटिशांनी घेतल्यावर पिनांग आणि इतर वसाहतींत लागवड गेली. हे खरेच आहे. महासागर ओलांडण्याचे काम कबुतराचे नव्हते. पण फ्रेंचांना रोपे मिळाली ती बांद्यातून नव्हे, उत्तरेकडच्या गेबे बेटावरून. म्हणजे दीड शतक बंदोबस्त करूनही जायफळ कंपनीच्या कुंपणाबाहेर उभे होतेच. चुन्याबद्दलही असेच म्हणता येईल. जायफळाचे बी सुकले की लवकर मरते, आणि निर्यातीचा माल धुरावर आठवडेच्या आठवडे सुकवलेला असे. चुन्याने किडे दूर ठेवले असतील, पण रुजण्याची शक्ती त्याआधीच गेलेली होती. कंपनीने मेलेल्या बियांवर पहारा ठेवला आणि जिवंत बी डोक्यावरून उडत राहिले.

शिवाय सगळे पीक एका जागी कोंबल्याची किंमत कंपनीला भोगावी लागली. 1778 मध्ये ज्वालामुखी, भूकंप आणि वादळ एकदमच आले आणि बांद्याच्या बागांचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. पुढे 1843 मध्ये जायफळ कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडाला पोचले आणि तिथली अर्थव्यवस्था त्यावर उभी राहिली; 1955 च्या जॅनेट वादळाने आणि 2004 च्या आयव्हानने तिथली बहुतेक झाडे पाडली. दोन्ही वेळी जायफळ ही जात मात्र टिकली, कारण तोवर ती इंडोनेशिया, भारत, श्रीलंका अशी पसरलेली होती.

हाच हिशोब आपल्याकडे सह्याद्रीत तपासता येतो. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे जायफळाच्या रानटी भाऊबंदांची दलदलीतली राई आहे. गावकऱ्यांनी ती देवाच्या नावाने राखली आणि पुढे शासनाने तिला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून मान्यता दिली. तिचे क्षेत्र जेमतेम अडीच हेक्टर आहे. ती तोडली जात नाही, मग प्रश्न सुटला, असे कोणी म्हणेल. पण ही झाडे ओल्या ओढ्यांतच वाढतात, आणि पाणी बी उताराकडेच नेते. डोंगराची सोंड ओलांडून पलीकडच्या ओढ्यात बी पोचायचे तर ते गिळू शकणारा धनेशासारखा मोठा पक्षी लागतो. धनेशाला घरट्यासाठी जुन्या झाडाची मोठी ढोली लागते, आणि असे झाड राईच्या हद्दीबाहेर उभे असेल तर त्याला राईचे संरक्षण मिळत नाही.