पडाव

"गो बाय, बाण आपल्याआपण फिरता! तूच मा?"

२००७ सालची गोष्ट. बाबा मालवणात, मी पुण्यात, आणि त्यांच्या स्क्रीनवरचा बाण माझ्या माऊसनं हलत होता. बाबांनी आधी आईला हाक मारली, मग शेजारच्या काकूंना. थोड्या वेळानं फोनवर पाच-सहा माणसांचा गलका ऐकू यायला लागला आणि मीही उगाच बाण गोल गोल फिरवत बसले. दशावतारात संकासुर आल्यावर पोरं करतात तसा आरडाओरडा चालला होता नुसता!

बाबा शाळेत शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी जुन्या मालवणच्या आठवणी लिहायला घेतल्या, आणि आपलं अक्षर कुणाला लागत नाही म्हणून हट्टानं कॉम्प्युटरवर टाईप करायला शिकले. फाँट बिघडला, फाईल सापडेना, की मला फोन. "वर डावीकडे काय दिसतंय?" "काय्येक नाय." असं तासभर चालायचं. शेवटी मीच इथून त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरायचा मार्ग शोधायला घेतला.

तेव्हा वाचताना एक गंमत कळली. ज्याला आपण इंटरनेटचा पहिला संदेश म्हणतो, तो मुळात लांबच्या कॉम्प्युटरमध्ये शिरायचाच प्रयत्न होता. २९ ऑक्टोबर १९६९, रात्री साडेदहाची वेळ. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातला चार्ली क्लाइन हा विद्यार्थी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या कॉम्प्युटरमध्ये लॉगिन करायला बसला. मधलं अंतर पाचशेएक किलोमीटर, म्हणजे साधारण मालवण ते मुंबई. तो एकेक अक्षर टाईप करायचा आणि पलीकडच्या माणसाला फोनवर विचारायचा, आलं का? 'एल' पोचलं, 'ओ' पोचलं, आणि पलीकडचं यंत्र बंद पडलं. तासाभरानं जमलं. फोन कानाला लावून "काय दिसतंय?" विचारणारे आम्ही बाप-लेक पहिले नव्हतो तर.

पण ते एकाच नेटवर्कच्या आत होतं. पुढे रेडिओवर चालणारं वेगळं, उपग्रहावरचं वेगळं, अशी नेटवर्कं झाली आणि त्यांची भाषा एकमेकांना कळेना. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ साली यावर जो उपाय मांडला तो मला फार आवडतो. कुठल्याही नेटवर्कला बदलायला सांगायचं नाही. दोन नेटवर्कांच्या मध्ये एक यंत्र ठेवायचं, त्यानं इकडचं पाकीट घेऊन तिकडच्या रीतीनं पुढे द्यायचं, आतला मजकूर वाचायची गरज नाही. २२ नोव्हेंबर १९७७ ला याची मोठी चाचणी झाली. सॅन फ्रान्सिस्कोजवळ चालत्या व्हॅनमधून निघालेली पाकिटं उपग्रहावरून युरोपात गेली आणि परत लॉस एंजेलिसला पोचली, तीन वेगवेगळ्या नेटवर्कांतून. १ जानेवारी १९८३ पासून अर्पानेटनं हीच पद्धत घेतली.

आपल्याकडे १९८६ साली अर्नेट प्रकल्प सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात डायल-अपवर ई-मेल सुरू झाली. सामान्य माणसाच्या हातात इंटरनेट आलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलमुळे.

मी तेव्हा मुंबईत हॉस्टेलवर होते. मैत्रिणीच्या घरी शेल अकाउंट होतं. ज्यांनी ते वापरलं नसेल त्यांना सांगायला हवं, की त्यात इंटरनेट आपल्या कॉम्प्युटरवर नसायचंच. मोडेमनं फोन लावायचा, तो किंचाळायचा, मग व्हीएसएनएलच्या कॉम्प्युटरमध्ये शिरायचं आणि काळ्या पडद्यावर त्या कॉम्प्युटरला हुकूम सोडायचे. आपला पीसी म्हणजे नुसती खिडकी. तिथून टेलनेट करून परदेशातल्या एखाद्या विद्यापीठाच्या लायब्ररीत शिरायचं. पुस्तकं कुठली मिळायला, पण यादी वाचूनसुद्धा आम्ही खूश! टेलनेटमध्ये पासवर्ड उघडाच जायचा, पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा. फिनलंडमधल्या टाटू युलोनेन यांच्या विद्यापीठात कुणीतरी असे पासवर्ड चोरले, म्हणून त्यांनी १९९५ साली एसएसएच लिहिलं, तेव्हापासून पाकीट बंद झालं.

आणि हे सगळं करणारी मी घरी बोलायला मात्र एसटीडी बूथबाहेर रात्री अकरा वाजायची वाट बघायचे. अकरानंतर पाव दर. तोही फोन शेजारच्या काकूंकडे, मग काकू आईला उठवणार. त्याआधीच्या ट्रंक कॉलपेक्षा बरंच म्हणा. तेव्हा ऑर्डिनरी, अर्जंट, लायटनिंग असे प्रकार, आणि मधल्या एक्स्चेंजातल्या ऑपरेटरनं जोडून दिल्याशिवाय काहीच नाही.

असो. २००७ कडे येते. पहिल्यांदा मी व्हीएनसी वापरून पाहिलं. केंब्रिजच्या प्रयोगशाळेतून १९९८ साली बाहेर पडलेलं, फुकट आणि साधं. ऑफिसातल्या ऑफिसात छान चालायचं. पुण्याहून मालवणला मात्र काही केल्या लागेना.

कारण पत्त्याचं. सर्फ आणि कान यांच्या जगात प्रत्येक कॉम्प्युटरला स्वतःचा पत्ता होता, कुणीही कुणाचं दार वाजवावं. पण ते पत्ते होते ४ अब्ज २९ कोटींच्या आसपास, आणि ते पुरणार नाहीत हे नव्वदच्या दशकातच दिसायला लागलं. मग तोडगा निघाला, की घराला पत्ता एकच आणि आत कितीही माणसं. १९२.१६८ नं सुरू होणारे आकडे तुम्ही पाहिले असतील. ते घरातल्या घरात मारायच्या हाकेसारखे. 'बाबू' म्हटलं की आमच्या घरातला एक बाबू ओ देणार, पण पाकिटावर नुसतं 'बाबू' लिहून पोस्टमन काय करणार? आतल्यानं बाहेर पत्र पाठवलं तर मोडेम लक्षात ठेवतो आणि आलेलं उत्तर बरोबर आत देतो. बाहेरून आपणहून आलेल्याला मात्र तो दारातच उभा करतो. त्यात बाबांच्या मोडेमचा बाहेरचा पत्ता लाईन तुटली की बदलायचा, आणि लाईन तर रोजच तुटायची.

मग सापडलं टीमव्ह्यूअर. जर्मनीत २००५ साली सुरू झालेलं. त्याची युक्ती साधी होती. बाहेरून आत जाता येत नाही ना? मग दोघांनीही आतून बाहेर यायचं. बाबांचा कॉम्प्युटर एका तिसऱ्या ठिकाणच्या यंत्राला हाक मारतो, माझाही मारतो, आणि ते यंत्र दोघांची गाठ घालून देतं. जमलं तर पुढे दोघं थेट बोलतात. नाहीच जमलं तर सगळी ने-आण त्या मधल्या यंत्रातूनच.

हे बाबांना समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे पडाव!"

त्यांच्या लहानपणी मुंबईची बोट मालवणच्या धक्क्याला लागायची नाही. बंदरात खडक फार. बोट लांब, खोल पाण्यात उभी राहायची. किनाऱ्यावरून पडाव जायचे आणि ट्रंका, गाठोडी, तान्ही पोरं घेतलेल्या बाया, सगळं हेलकावे खात त्यात उतरायचं. बोटही जमिनीला येत नाही, माणसंही बोटीपर्यंत चालत जाऊ शकत नाहीत. दोघांनी पडावावर यायचं. शिकवणं हाडात भिनलेलं, त्यामुळे लगेच पुढचं वाक्य आलं, "पण पडाववालो ओळखीचो व्हयो."

ते वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं. बारा वर्षं तो मार्ग चालला. मी त्यांच्या फाईल्स महिन्या-दोन महिन्यांनी इथे उतरवून घ्यायचे.

२०१९ साली बाबांना एक फोन आला. गोड आवाजात मराठी बोलणारा माणूस, "तुमचं खातं बंद होणार आहे, एवढं ॲप घ्या आणि नंबर वाचून दाखवा." बाबांना ते ओळखीचंच वाटलं, मी तसाच तर नंबर विचारायचे! नऊपैकी सहा आकडे सांगून झाले होते तेव्हा आईनं फोन काढून घेतला. त्याच वर्षी फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेनं अशाच प्रकाराबद्दल बँकांना सावध केलं होतं. पैसे गेले नाहीत. पण बाबांनी त्याच संध्याकाळी सगळं काढून टाकलं. माझंही. "माझ्या कॉम्प्युटरात आता कोण येवचा नाय."

मी वाद घातला नाही. त्यांना लाज वाटली होती, ते मला कळत होतं. दिवाळीला गेले तेव्हा पेन ड्राइव्हवर सगळं घेतलं आणि म्हटलं, पुढच्या खेपेला पुन्हा घेईन. पुढची खेप मार्च २०२० नंतर लांबतच गेली.

१६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला घासून वर गेलं. दोन दिवस फोनच लागला नाही. तिसऱ्या दिवशी भावानं टेकडीवर जाऊन मोबाईलवरून सांगितलं, माणसं सुखरूप, माड दोन गेले, माजघरावरचे नळे उडाले. माजघरात कॉम्प्युटर होता. रात्रभर त्यावर पाणी पडत होतं. डिस्क मी पुढे पुण्याला आणून दोन ठिकाणी दाखवली, काही निघालं नाही.

दिवाळी २०१९ पर्यंतची अकरा प्रकरणं माझ्याकडे आहेत. त्यानंतर दीड वर्ष ते रोज सकाळी जे लिहीत होते ते गेलं. त्यातच बोटीचं प्रकरण होतं. बाबा त्याबद्दल काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. अपराधी मीच होते खरं तर. बारा वर्षं नंबर विचारत राहिले, पण कुणाला सांगायचा आणि कुणाला नाही, हे एकदाही बसून समजावलं नाही.

गेल्या गणपतीत त्यांनीच विषय काढला. आता डोळ्यांना स्क्रीन सोसत नाही. रविवारी संध्याकाळी ते फोनवर सांगतात आणि मी इथे टाईप करते. मध्येच थांबून विचारतात, "घेतलंस?" मी म्हणते, "घेतलं." कालच्या रविवारी बोट देवगड सोडून मालवणच्या बाहेर येऊन उभी राहिली आहे, पडाव अजून निघायचेत.