अमृततुल्य चहा : क्रम आणि वेळ यांचे गणित

नारायण पेठेसह पुण्याच्या जुन्या पेठांत सकाळ होते ती अमृततुल्यच्या पितळी पातेल्यातून येणाऱ्या आले-वेलदोड्याच्या वासाने. याच शहरात चहाच्या एका पेल्यावरून एके काळी मोठे वादळ उठले होते. १८९० मध्ये पंचहौद मिशनमधील चहापानाला गेल्यामुळे न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदींवर ग्रामण्याचा प्रसंग ओढवला. आक्षेप चहाला नव्हता, तो कोणाच्या हातचा याला होता. टिळकांनी १९०५ मध्ये घेतलेला गायकवाड वाडा, म्हणजेच आजचा केसरीवाडा, नारायण पेठेतच आहे. पुढे विसाव्या शतकात राजस्थानातून आलेल्या ब्राह्मण कुटुंबांनी पुण्यात अमृततुल्यचा व्यवसाय रुजवला आणि चहा सर्वांचा झाला.

अमृततुल्यमध्ये दूध, पाणी, साखर व मसाला एकत्र उकळून त्यात चहाची पूड घालतात, मिश्रण डावाने सतत ढवळतात आणि फडक्यातून गाळतात. घरी असा चहा करताना क्रम सांभाळणे महत्त्वाचे.

चार लहान कपांसाठी पाव लिटर पाणी घ्यावे. त्यात अर्धा इंच ठेचलेले आले व दोन वेलदोडे घालून दोन-तीन मिनिटे उकळावे. कच्च्या आल्यातील एक विकर दुधातील प्रथिने तोडते व दूध नासू शकते. उकळल्याने ते निष्प्रभ होते. म्हणून आले आधी, दूध नंतर.

मग चार चमचे साखर आणि २०० मिलिलिटर दूध घालावे. उकळी आल्यावर चार लहान चमचे पूड टाकून आच मंद करावी. आपल्याकडची दाणेदार पूड ‘सीटीसी’ पद्धतीची असते. १९३० च्या सुमारास आसामात आलेल्या या पद्धतीत पाने चिरडून, फाडून, वळवली जातात. त्यामुळे रंग व कडकपणा लवकर उतरतो आणि दोन-तीन मिनिटे पुरेशी होतात. याहून अधिक उकळल्यास तुरटपणा वाढतो. दुधातील केसीन तो काही प्रमाणात बांधून ठेवते, पण सगळा नाही. साखर वाढवून तो झाकता येतो, घालवता येत नाही.

चहा होताच गाळावा. पातेल्यात राहिलेली पूड गॅस बंद केल्यावरही अर्क सोडत राहते. पितळी पातेले वापरायचे असल्यास त्याला आतून कल्हई असावी.

सकाळी केलेला चहा दुपारपर्यंत पुन:पुन्हा तापवण्याची सवय मात्र टाळावी. दर खेपेस त्याचा सुगंध उडतो आणि दूध असल्याने तो बराच वेळ बाहेर राहिल्यास खराबही होतो. पाहुणे आले तर नवे पातेले चढवावे. दहा मिनिटांचेच काम असते.