पूलचा क्यू कसा निवडावा? एका काठीचा इतिहास

१/
"अधूनमधून पूल खेळतो. स्वतःचा क्यू घ्यायचा आहे. कोणता घेऊ?" मागच्या धाग्याखाली एका वाचकाने हा प्रश्न विचारला होता. इतिहासाच्या विद्यार्थिनीला असा प्रश्न का, असे अनेकांना वाटले. मला मात्र तो योग्य जागी आलेला वाटला. क्यूच्या प्रत्येक भागामागे एक ऐतिहासिक कारण आहे. ते कारण ठाऊक असले की दुकानात फसगत होत नाही. आजचा धागा त्यावर.

२/
आधी माझी फसगत सांगते. मी धाराशिव जिल्ह्यातल्या सास्तूरची. लहानपणी गावात पूलचे टेबल कधी पाहिले नव्हते. पहिले दर्शन अकरावीला लातूरला गेल्यावर झाले. पुढे शिकायला पुण्यात आल्यावर मैत्रिणींसोबत खेळू लागले. पार्लरच्या रॅकवरच्या बऱ्या काठ्या आधी आलेली मुले उचलत. आमच्या वाट्याला टिप उडालेल्या उरत.

३/
म्हणून साठवलेल्या दीड हजार रुपयांत एक क्यू घेतला. मुठीवर काळे-सोनेरी नक्षीकाम, सोबत झोकदार पिशवी. उन्हाळ्यात गावी नेला आणि भूकंपानंतर उभारलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये भिंतीला टेकवून ठेवला. मे महिना संपला तेव्हा आजोबांनी तो हातात घेतला, एक डोळा मिटून लांबीवरून नजर टाकली आणि म्हणाले, "पोरी, हिला बाक आलाय बघ."

४/
आजोबा पूल खेळलेले नाहीत. पण बैलगाडीची जुवी, तिफणीचे दांडे आणि कुऱ्हाडीचे दांडके त्यांनी आयुष्यभर निवडले. सुताराकडे लाकूड असेच पारखतात. क्यूची पहिली परीक्षा हीच आहे, हे मला नंतर समजले. ते का, हे पाहण्यासाठी थोडे मागे, युरोपात जावे लागेल.

५/
बिलियर्ड्स हा मुळात हिरवळीवर खेळायचा खेळ. पंधराव्या शतकात तो घरात, टेबलावर आला. टेबलावरचे हिरवे कापड ही त्या गवताची आठवण. फ्रान्सचा राजा अकरावा लुई याच्याकडे असे टेबल होते. तेव्हा चेंडू मारायला टोकाशी जाड डोके असलेली काठी वापरत. तिचे नाव मेस. ती चेंडूला मारत नसे, ढकलत असे.

६/
अडचण कडेला येई. चेंडू टेबलाच्या कडेला चिकटला की मेसचे डोके मागे बसत नसे. मग खेळाडू काठी उलटी धरून तिच्या बारीक शेपटाने चेंडू मारू लागले. शेपटीला फ्रेंचमध्ये 'क्यू' म्हणतात. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हे शेपूटच हळूहळू मुख्य हत्यार झाले आणि डोके गळून पडले.

७/
तरी एक दोष राहिला. नुसत्या लाकडी टोकाने चेंडूच्या मध्याबाहेर मारले की काठी घसरे. १८०७ च्या सुमारास फ्रांस्वा मेंगो या फ्रेंच लष्करी कॅप्टनने टोकावर चामड्याची टोपी बसवली. हे त्याने कैदेत असताना केले, असे परंपरा सांगते. चामडे चेंडूला क्षणभर धरून ठेवते. त्यामुळे चेंडूला हवी तशी फिरकी देता येऊ लागली. १८२७ मध्ये त्याचे या खेळावरचे पुस्तक पॅरिसमध्ये निघाले.

८/
यातून खरेदीचा पहिला नियम निघतो: नजर प्रथम टिपवर. चामड्याची टिप मध्यम कडक असावी. तिची गोलाई साधारण एक रुपयाच्या नाण्याच्या कडेएवढी असावी. सपाट झालेली, कडेने फुगून बाहेर आलेली किंवा काचेसारखी गुळगुळीत झालेली टिप असेल, तर महागडा क्यूसुद्धा मेंगोपूर्व काळातली काठी होते.

९/
पुढची पायरी एका नोकराची आहे. १८२० च्या दशकात इंग्लंडमधील बाथ शहरात जॉन कार नावाचा मार्कर होता. मार्कर म्हणजे टेबलापाशी उभा राहून गुण मोजणारा, काठ्यांची निगा राखणारा माणूस. टिपला खडू लावून चेंडू वळवण्याचे कसब त्याने लोकांना दाखवले आणि खडूच्या डब्या 'जादूची भुकटी' म्हणून विकल्या.

१०/
आजच्या निळ्या ठोकळ्यात खरा खडू नसतो. १८९७ मध्ये अमेरिकेत विल्यम स्पिंक्स आणि विल्यम हॉस्किन्स यांनी बारीक खरखरीत खनिजांचे मिश्रण बनवले आणि तेच जगभर रूढ झाले. क्यूच्या मानाने ठोकळा अगदी स्वस्त असतो, स्वतःचा ठेवावा. मात्र टिपवर हलकेच पुसावा. गिरमिटासारखा फिरवला की टिपचा मध्य न खडवता राहतो.

११/
आता लाकूड. इंग्रजी क्यू अ‍ॅश या झाडाच्या लाकडाचे. हेच लाकूड तिकडे गाड्यांना आणि अवजारांच्या दांड्यांना वापरत, कारण ते धक्का सोसते. आपल्याकडे हे काम बाभळीचे. अमेरिकेत पूलच्या क्यूसाठी मेपल रूढ झाले. त्याचे रेषे अधिक बारीक, पृष्ठ अधिक गुळगुळीत. दोन्ही परंपरांत तत्त्व एकच: रेषे टोकापासून शेवटपर्यंत सरळ धावले पाहिजेत.

१२/
म्हणून दुसरा नियम आजोबांचा. क्यू जोडून मूठ गालाशी धरा, एक डोळा मिटा आणि टोकाकडे पाहा. मग सावकाश फिरवून पुन्हा पाहा. अनेक जण क्यू टेबलावर घरंगळवून पाहतात. पण काठी टोकाकडे निमुळती असते आणि मधे सांधा असतो. सरळ क्यूसुद्धा घरंगळताना हलल्याचा भास होऊ शकतो. डोळा अधिक विश्वासू.

१३/
आता आपल्या भूमीकडे. डिसेंबर १८१७ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या हातून जबलपूर इंग्रजांकडे गेले आणि पुढे तिथे मोठी छावणी झाली. १८७५ मध्ये तिथल्या मेसमध्ये डेव्हनशायर रेजिमेंटचा तरुण अधिकारी नेव्हिल चेंबरलेन पावसाळ्यात वेळ घालवत होता. बाहेर पाऊस, आत पत्ते आणि बिलियर्ड्सचे टेबल. तेव्हा प्रचलित असलेल्या 'ब्लॅक पूल'मध्ये त्याने आणखी रंगीत चेंडू घातले. त्यातून स्नूकर जन्मला.

१४/
'पूल' या शब्दाचा पाण्याशी संबंध नाही. सगळ्यांनी मिळून मधे टाकलेली पैजेची रक्कम म्हणजे पूल. 'स्नूकर' ही वुलिचच्या लष्करी अकादमीतल्या नवशिक्या छात्रांची टर उडवणारी संज्ञा. चेंबरलेनने एका सहकाऱ्याचा नेम चुकल्यावर ती वापरली आणि खेळाला तेच नाव चिकटले. १८८२ मध्ये उटीच्या क्लबात त्याचे नियम लावले गेले. थोडक्यात, हौशी, पावसाने अडकलेल्या, चुकणाऱ्या खेळाडूंनीच हा खेळ घडवला. हौशी असण्याची लाज बाळगायचे कारण नाही.

१५/
मात्र एक गोष्ट लक्षात घ्या. या जन्मकथेत चेंबरलेनचे नाव आहे, रेजिमेंटचे आहे, उटीच्या क्लबाचेही आहे. छावण्यांतल्या आणि क्लबांतल्या टेबलांपाशी उभ्या राहणाऱ्या हिंदी मार्करांचे नाव नाही. काठ्यांच्या टिपा बदलणे, कापड घासणे, साहेबांना सरावासाठी जोडीदार होणे हे सारे ते करत. कोणती काठी सरळ आणि कोणती वाकडी, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? पण काठी त्यांची नव्हती.

१६/
माझे सास्तूर तेव्हा निजामाच्या राज्यात. हैदराबादेत १८८४ मध्ये फलकनुमा महालाचे काम सुरू झाले; तिथल्या बिलियर्ड्सच्या दालनात लंडनच्या बरोज अँड वॉट्स कंपनीचे टेबल आहे. त्याच राज्याच्या मराठवाडी टोकाला बाभळीचे दांडे तासणारी माणसे होती. लाकडाची जाण गावात होती, टेबल महालात. १७ सप्टेंबर १९४८ नंतर राज्य गेले. हे अंतर मात्र एका दिवसात मिटणारे नव्हते.

१७/
मुंबईतही भायखळा क्लबासारख्या जुन्या संस्थांची दारे हिंदी लोकांना बंद होती. बिलियर्ड्सचे टेबल म्हणजे जड पाटीचा दगड, उत्तम कापड आणि मोठी खोली. एकट्याला परवडणारा हा खेळ नव्हे. म्हणजे टेबलापर्यंत पोहोचायचे तर क्लबाचे सभासदत्व हवे. क्रिकेटची बॅट घेऊन मैदानात उतरता येते. क्यू घेऊन उतरायला मैदानच कुलपात होते.

१८/
या पार्श्वभूमीवर विल्सन जोन्स यांचे यश पाहा. जन्म पुण्यात, १९२२ मध्ये. १९५८ मध्ये कोलकात्यात ते हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. कोणत्याही खेळात वैयक्तिक जगज्जेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय मानले जातात. १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये त्यांनी ते पुन्हा मिळवले. पुढे मुंबईचे मायकेल फरेरा १९७७, १९८१ आणि १९८३ मध्ये हौशी जगज्जेते झाले. क्यूच्या खेळातले भारताचे पहिले मोठे पर्व आपल्या महाराष्ट्रातले आहे.

१९/
ती परंपरा बिलियर्ड्स-स्नूकरची; उदारीकरणानंतर पार्लरांतून पसरला तो अमेरिकी पूल. इथे हौशी खेळाडू हमखास चुकतो. स्नूकरचा चेंडू ५२.५ मिलिमीटरचा, टिप ९ ते १० मिलिमीटरची. पूलचा चेंडू ५७.१५ मिलिमीटरचा आणि जड, टिप १२ ते १३ मिलिमीटरची. स्नूकरचा नाजूक क्यू पूलच्या पहिल्या जोरदार फोडीला वापरला तर टोक खराब होते. आपण कोणत्या टेबलावर खेळतो हे आधी ठरवा.

२०/
वजन आणि लांबी. पूलचा नेहमीचा क्यू सुमारे ५८ इंच, म्हणजे १४७ सेंटिमीटर लांब असतो. वजन साधारण १८ ते २१ औंस, म्हणजे ५१० ते ५९५ ग्रॅम. आंतरराष्ट्रीय नियम बरेच सैल आहेत: किमान लांबी ४० इंच, कमाल वजन २५ औंस, टिप १४ मिलिमीटरपर्यंत. नवख्याने १९ किंवा २० औंसांपासून सुरुवात करावी. फार हलका क्यू हातात थरथरतो, फार जड क्यू हाताला ओढत नेतो.

२१/
सांधा. दोन तुकड्यांचा क्यू न्यायला सोयीचा, पण स्क्रू पूर्ण बसल्यावर फट दिसता कामा नये. मुठीचे टोक तळहातावर हलकेच आपटून ऐका. खुळखुळ आली तर ठेवून द्या. मडके घेताना आपण टिचकी मारून पाहतोच. तेच शहाणपण इथे.

२२/
नक्षी. उंची क्यूंच्या मुठीला काळेभोर एबनी लाकूड वापरत. त्याच कुळातले आपले झाड म्हणजे टेंभुर्णी. तिच्या पानांच्या विड्या वळतात आणि जुन्या झाडाचा गाभा काळा निघतो. जडावकाम ही खरी कला आहे. पण स्वस्त क्यूवरची नक्षी बहुधा चिकटवलेला छापील कागद असते. माझे दीड हजार त्या कागदावरच गेले. नक्षी मुठीवर असते, चेंडूला लागते ती टिप.

२३/
मग स्वतःचा क्यू घ्यावाच का? महिन्यातून एकदा खेळत असाल तर नको. रॅकवरचाच निवडा, पण वरच्या परीक्षा लावून: नजर, टिप, वजन, आवाज. आठवड्याला खेळत असाल तर अवश्य घ्या. कारण साधे आहे. दर वेळी काठी बदलली की चूक हाताची की काठीची, हे कळत नाही. काठी एकच असली की चूक शोधता येते. बजेट थोडे असेल तर साधा, सरळ मेपलचा क्यू घ्या आणि उरलेल्या पैशांत चांगली टिप बसवून घ्या.

२४/
निगा. भिंतीला तिरका टेकवू नका. खोलून पिशवीत आडवा ठेवा किंवा सरळ उभा टांगा. पत्र्याखाली आणि उन्हातल्या गाडीत ठेवू नका. लाकूड कापल्यावरही हवेतला ओलावा घेते आणि सोडते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हे फार वेगाने होते. ओल्या फडक्याने पुसू नका, कोरडे पुरते.

२५/
माझा वाकडा क्यू आजोबांनी टाकू दिला नाही. त्याची मूठ कापून त्यांनी विळ्याला बसवली. नव्या क्यूच्या वेळी मी दुकानात एक डोळा मिटून पाच काठ्या पाहिल्या. दुकानदार म्हणाला, "ताई, सगळ्या सारख्याच आहेत." तिसरी आणि पाचवी वाकडी होती. पहिली घेतली. बिननक्षीची आहे.

२६/
ज्या हातांना लाकूड कळत होते, त्यांच्यापर्यंत हा खेळ फार उशिरा पोहोचला. आज पार्लरमध्ये तासाचे पैसे भरून कोणीही उभे राहू शकते. तेव्हा रॅकवर उरलेली काठी निमूट उचलू नका. पारखा, मग खेळा.

तुमच्या गावात लाकूड पारखायची कोणती रीत आहे? आजी-आजोबांना विचारून खाली लिहा. पुढच्या धाग्यात त्या एकत्र करीन.