बरणीतला बाप

रत्नागिरीत मासा म्हटला की पहिला प्रश्न 'कसा दिला?' आणि दुसरा 'तळायचा की कालवणाचा?' अशा गावात बरणीत मासे पाळणाऱ्या गृहस्थाकडे लोक जरा काळजीनंच बघतात. आमच्या घरातले फायटर पाहून शेजारचे काका म्हणाले, "काटे काढल्यावर ह्यात उरणार काय रे?"

खरं आहे. पण ह्या बोटभर माशाला इतिहास मात्र ऐसपैस आहे. त्याचं मूळ गाव सयाम, म्हणजे आजचं थायलंड. माणसानं त्याला किमान हजार वर्षांपूर्वी पाळला, असं २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकांच्या अभ्यासात दिसलं. पाळला तोही झुंजीसाठी. कंपनी सरकारच्या नोकरीतले डॅनिश डॉक्टर थिओडोर कँटर यांनी १८४९ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लिहून ठेवलंय, की सयामात या झुंजींचा मक्ता दिला जाई आणि राजाला त्याचं घसघशीत उत्पन्न होई. लोक पैसा तर लावतच, पण स्वतःला आणि बायकापोरांनाही पणाला लावत. म्हणजे धर्मराजाला तिकडेही भाऊबंद होते! कँटरसाहेबांनी माशाचं शास्त्रीय नाव ठेवलं 'पुग्नॅक्स', म्हणजे भांडखोर. पुढे लक्षात आलं, की ते नाव दुसऱ्याच एका माशाचं आहे. तेव्हा १९०९ साली लंडनच्या टेट रेगन यांनी ह्याला 'बेट्टा स्प्लेंडेन्स' म्हटलं. स्प्लेंडेन्स म्हणजे झळाळणारा. पुस्तकातलं नाव सुधारलं. दुकानात मात्र तो फायटरच राहिला.

सयाम म्हणजे रत्नागिरीकरांना अगदीच परका मुलूख नव्हे. आमच्या थिबा राजाच्या घराण्यानं १७६७ साली सयामची राजधानी अयुथ्या बेचिराख केली होती. त्याच घराण्याचा हा शेवटचा राजा. इंग्रजांनी १८८६ साली त्याला इथं आणून ठेवला, १९१० मध्ये राजवाडा दिला, आणि १९१६ साली तो इथंच वारला. मान राजाचा, जागा बरणीची. फायटरचंही तसंच.

आता ह्या भांडखोराचा घरातला अवतार पाहा. पैदाशीसाठी नर-मादी एकत्र सोडायची, तर आधी नर पाण्यावर फेसाचं घरटं बांधतो. हवेचा एकेक बुडबुडा तोंडात धरून, लाळेत घोळवून, गवंड्यासारखा रचत बसतो. त्याला ऊबदार, संथ पाणी लागतं. ते रत्नागिरीत फुकट. पाण्यात जंगली बदामाचं वाळकं पान टाकलं की स्वारी खूश. तेही अंगणात पडलेलंच असतं. अंडी झाली की मादीला ताबडतोब बाहेर काढायची, नाहीतर ती अंडी खाते आणि नर तिला बडवतो. मग बाळंतपण सगळं बापाकडे! खाली पडलेलं अंडं तोंडात धरून पुन्हा फेसात ठेवायचं, ह्यात त्याची रात्र जाते. दीड-दोन दिवसांत पिल्लं लोंबू लागतात. तीही टपाटप खाली पडतात आणि हा उचलत राहतो. पिल्लं पोहू लागली की मात्र बापालाही हलवायचा. आपली कुठली नि खाऊ कुठला, यात त्याचा गोंधळ होऊ शकतो.

दोन-तीन महिन्यांत भावाभावांत कुरबुर सुरू होते. मग प्रत्येकाला वेगळी बरणी आणि दोन बरण्यांच्या मध्ये पुठ्ठा. ही वाटणी रत्नागिरीत कुणाला शिकवावी लागत नाही. आमच्याकडे बांधावरच्या एका फणसापायी तीन पिढ्या कोर्टाची पायरी झिजवतात. हे बिचारे पुठ्ठ्यावर समजूत घालून घेतात. फक्त लोणच्याच्या बरण्या संपल्या, की घरात तिसरीच झुंज सुरू होते. तिचा मक्ता सौ.कडे.

थायलंडनं २०१९ साली ह्याला आपला राष्ट्रीय जलचर केला. पण हजार वर्षं माणसानं त्याला लढायला लावला आणि भांडखोर म्हणून नाव मात्र त्याचं झालं. झुंजच बघायची असेल तर आमचं दिवाणी कोर्ट आहे. बाप बघायचा असेल, तर रात्री बॅटरी घेऊन ह्या बरणीपाशी यावं.