बाळंतविड्यातले टोपडे

घरात बाळ जन्मले की आप्तेष्टांकडून बाळंतविडा येतो. झबली, दुपटी, कुंची, बाळंतिणीसाठी खारीक-खोबरे, आणि त्यांच्यातच कुठेतरी जपून ठेवलेले क्रोशाने विणलेले एखादे टोपडे आणि इवलेसे मोजे. मावशीने, आत्याने किंवा शेजारच्या काकूंनी दुपारच्या वेळी विणलेले. ते पाहिले की वाटते, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले असणार. जाते, उखळ, गोधडी जितकी जुनी, तितकेच हेही जुने.

तसे मात्र मुळीच नाही. गोधडी जुनी, कुंची जुनी, अंगडे-टोपडेही जुने. पण ते सारे कापडाचे, सुईदोऱ्याने शिवलेले. क्रोशाचे टोपडे आपल्या घरात येऊन दीडशे वर्षांच्या मागेपुढेच झाली असतील. आणि ही कला ज्या युरोपातून आली, तिथेही तिचे वय फार नाही. क्रोशा हा शब्दच पाहा. फ्रेंच भाषेत ‘क्रोशे’ म्हणजे लहानशी आकडी. आपण आकडीचेच नाव साऱ्या कामाला देऊन टाकले.

छापलेल्या कागदावर क्रोशाचे नमुने प्रथम दिसतात ते १८२३ साली, हॉलंडमधील ‘पेनेलोपे’ नावाच्या मासिकात. त्याच्या थोडे आधी, १८१२ च्या सुमाराच्या आठवणी सांगताना एलिझाबेथ ग्रँट या स्कॉटिश बाईंनी ‘धनगरी विणकामा’चा उल्लेख केला आहे. तेही आकडीने करायचे जाड लोकरीचे काम. त्याहून मागे गेले तर काही अभ्यासक बोट दाखवतात ते थेट आपल्या बाजूला. कच्छमधील मोची कारागीर चामडे शिवायची आरी घेऊन कापडावर साखळीचे टाके भरीत. पूर्वेकडून गेलेले हेच आरीकाम अठराव्या शतकात फ्रान्समध्ये लोकप्रिय झाले. चौकटीवर कापड ताणायचे आणि आकडीने खालून दोरा वर ओढायचा. पुढे कोणाला तरी सुचले, कापड काढूनच टाकले तर? साखळी हवेतच विणली तर? या अभ्यासकांच्या मते क्रोशा जन्मला तो असा. मला स्वतःला हा तर्क पटतो. क्रोशाचा पहिला धडा आजही साखळीचाच असतो, तो उगीच नव्हे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडात हे काम बड्या घरच्या बायकांचा छंद बनले. एलिनोर रिएगो दे ला ब्रांशार्दिएर या बाईंनी नमुन्यांची पुस्तके छापून चांगले नाव मिळवले. वडील फ्रेंच, आई आयरिश. खुद्द व्हिक्टोरिया राणीच्या हाती आकडी असे. १९०० साली, मरणाच्या आदल्या वर्षी, दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात लढणाऱ्या शूर सैनिकांसाठी तिने खाकी लोकरीचे आठ गळपट्टे स्वतः विणले. राजवाड्यात क्रोशा होता तो असा, हौसेचा.

पण हौसेने क्रोशाचा इतिहास घडला नाही, तो घडला भुकेने.

१८४५ साली आयर्लंडात बटाट्याच्या पिकावर रोग पडला. आपल्याला बटाटा म्हणजे भाजी. तिथल्या कुळांना तो भाकरीच्या ठिकाणी होता. जमीन जमीनदारांची, आणि त्यांतले पुष्कळ इंग्लंडात राहणारे. धान्य पिके, पण ते खंड भागवण्यासाठी विकायचे, आणि घरच्यांनी पोट भरायचे बटाट्यावर. तोच शेतात काळा पडून कुजला. एका वर्षी नव्हे, पुन्हापुन्हा. १८५२ पर्यंत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि तापाने मेली. तितकीच किंवा त्याहून थोडी अधिक बोटी धरून परागंदा झाली. १८४१ च्या खानेसुमारीत त्या देशाची लोकसंख्या अवघी ब्याऐंशी लाखांच्या आसपास होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्यांचा अर्थ कळेल. माणसे मरत असता बंदरांतून धान्याची जहाजे बाहेर जात होती. आपल्या दख्खनमधील १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाची हकीकत ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकली किंवा पुस्तकात वाचली आहे, त्यांना यात अपरिचित असे काही वाटणार नाही.

या काळात कॉर्कजवळील ब्लॅकरॉक येथील उर्सुलाइन मठातल्या जोगिणींनी गरीब मुलींना क्रोशा शिकवला. उत्तरेस क्लोन्स गावी १८४७ मध्ये कॅसँड्रा हँड नावाच्या बाई आल्या. यजमान तिथले धर्मोपदेशक. दारात उपाशी माणसे पाहून त्यांनी किल्डेअरहून शिकवणारी बाई आणवली आणि गावातल्या बायका-मुलींच्या हाती आकड्या दिल्या. क्रोशाच का? कारण साधे आहे. व्हेनिसच्या जुन्या सुईच्या लेसला श्रीमंतांत मोठी मागणी होती. पण ती लेस करायला महिनोन्‌महिने लागत आणि हात तयार व्हायला वर्षे जात. आकडीने तसाच देखावा कितीतरी लवकर साधतो. शिवाय भांडवल काय ते सुताचे रीळ आणि एक आकडी. विकत आकडी परवडली नाही तर तारेचे टोक वाकवून, कानशीने घासून, लाकडाच्या मुठीत बसवले की झाले.

कामाची वाटणीही मोठी हुशारीची होती. एका घरात फक्त गुलाबाची फुले विणायची, दुसऱ्यात फक्त तीन पानांची शॅमरॉक, तिसऱ्या घरी ती फुले-पाने कापडावर टाचून मधली जाळी भरायची. एखाद्या घराण्याला खास फूल साधले तर त्याची रीत ते शेजाऱ्याला सांगत नसत. पोटाची विद्या ती, कोण सांगणार! अशा गळपट्ट्या, मनगटपट्ट्या, बाळांच्या टोप्या पुढे लंडन-पॅरिसपर्यंत जाऊ लागल्या. एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. हे काम करणाऱ्यांत शाळकरी वयाच्या मुली पुष्कळ होत्या. तिकडे पाळण्यातल्या बाळाचे कौतुक, इकडे विणणारीही लहानच.

आता श्रोते विचारतील, यंत्रे नव्हती का त्या काळी? होती ना! पायमोजे विणण्याचा माग विल्यम ली या इंग्रजाने १५८९ सालीच केला होता. लेसचे यंत्र जॉन हीथकोटने १८०९ पर्यंत सिद्ध केले. पुढे शतकाच्या अखेरीस आणखी एक युक्ती निघाली. एका कापडावर यंत्राने दाट भरतकाम करायचे आणि मग रसायनात बुडवून खालचे कापडच विरघळवायचे, की उरलेला दोरा आयरिश क्रोशासारखा दिसे. पण दिसे, एवढेच. टाका तो नव्हे. खरा क्रोशा कारखान्यात विणून देणारे यंत्र आजही बाजारात नाही. प्रयोगशाळांत खटपट चालू आहे, पण कारखाना अजून दूर आहे.

असे का, हे समजून घेण्यासारखे आहे. दोन सुयांच्या विणकामात सगळे टाके सुईवर ओळीने उभे असतात, शाळेतल्या मुलांसारखे. यंत्राला ओळ सांभाळणे सोपे. क्रोशात मात्र जिवंत टाका एकच, आकडीवरचा. पुढचा टाका घ्यायचा तर आकडी मागे विणलेल्या भागात कुठेही शिरते, कधी साखळीत, कधी खांबाच्या पोटात, कधी दोन ओळी खाली. ती जागा डोळा शोधतो आणि डाव्या हाताचे बोट चाचपते. ते चाचपणारे बोट लोखंडाला अजून साधलेले नाही.

म्हणूनच शहरातल्या झगझगीत दुकानात क्रोशाची बाळटोपी, बाहुली, खुळखुळ्याचे आवरण, काहीही दिसो आणि किंमत कितीही थोडी असो. ती वस्तू खऱ्या क्रोशाची असेल तर कुठेतरी कोणाच्या तरी हातांनी टाका-टाका घालूनच ती झालेली असते. स्वस्त असेल तर यंत्रामुळे नव्हे. मग कशामुळे? त्यासाठी आपल्याला गोदावरीच्या काठाने जावे लागेल.

आपल्या त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली गोदावरी जिथे समुद्राला मिळते, तिथे आंध्रात नरसापूर हे गाव आहे. या गोदावरीच्या मुलखात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिशनरी बायकांनी क्रोशाची लेस शिकवली. गरीब ख्रिस्ती बायकांना चार पैसे मिळावेत हा हेतू. पुढे मालाला परदेशात गिऱ्हाईक मिळाले, व्यापारी आले, आणि गावोगाव घराघरांतून आकड्या चालू लागल्या. व्यापारी सूत देई, मध्यस्थ ते घरोघरी पोचवी, विणलेला माल मोजून नेई. आयर्लंडसारखीच वाटणी, कोणी फुले करायची, कोणी जोडायची.

१९७०-८० च्या दशकाच्या अखेरीस मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाई तिथे राहिल्या आणि १९८२ साली त्यांनी या लेसवालींवर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांना आढळले ते असे. काम करणाऱ्या बायका लाखाच्या घरात, त्यांचा माल परदेशी जाऊन देशाला परकी चलन मिळते. पण खानेसुमारीत कामकरी म्हणून त्यांच्यातल्या फारच थोड्यांची नोंद. बाकीच्या नुसत्या ‘गृहिणी’. दिवसाला सहा-आठ तास विणूनही हाती रुपयासुद्धा पडत नसे. शेतात मजुरीला जाणाऱ्या बायका त्यांच्याहून जास्त मिळवीत. पण शेतावर जाणे कमीपणाचे आणि घरात बसून विणणे प्रतिष्ठेचे, असे या घरांनी मानलेले. व्यापाऱ्याला याहून सोयीचे काय असणार? घराच्या आत आहे ते काम नव्हे, वेळ घालवण्याचा विरंगुळा. आणि विरंगुळ्याला मजुरी कशाला! उमरावांच्या घरचा छंद आणि गरिबाची मजुरी यांचे हत्यार एकच असल्याचा हा परिणाम. राणीनेही तीच आकडी धरली होती ना.

नरसापूरच्या क्रोशा लेसला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या पैठणीला जसे आहे, तसेच. नावाचे रक्षण झाले ही आनंदाची गोष्ट आहे. मजुरीचा हिशेब मानांकनाच्या कागदात नसतो.

आपल्याकडे मराठी मुलुखात क्रोशा रुळला तो मिशनच्या शाळा आणि मुलींच्या शाळांतील शिवण-विणकामाच्या तासांमधून. दाराची तोरणे, ताटावरचे रुमाल, रेडिओवरचे आच्छादनसुद्धा! विकण्यासाठी थोडे, घरासाठी आणि देण्यासाठी फार. त्यामुळे आपल्या बायकांच्या वाट्याला नरसापूरची स्थिती आली नाही. पण त्यांच्या कामाचीही मोजदाद कोणी केली नाही, हेही खरे.

शिक्षक मंडळींनी ती करून पाहावी. विणकामाचा तास मुलींपुरताच ठेवू नये. मुलगेही यात बरे तयार होतात. टोपड्यासाठी मऊ सुती दोरा घ्यावा, आपल्या हवेत लोकर बाळाला टोचते. आणि गळ्याशी लांब नाडी ठेवू नये. सहा मुक्या खांबांच्या कड्यापासून सुरुवात करायची. दुसऱ्या फेरीत बारा, तिसरीत अठरा, चौथीत चोवीस. दर फेरीला सहाच का वाढतात, हे गणिताच्या तासाला विचारावे. फेरी एका टाक्याने बाहेर सरकली की परीघ दोन पाय, म्हणजे सहापेक्षा किंचित अधिक टाक्यांनी वाढतो. सहाहून फार जास्त वाढवले तर चकती चपटी न राहता झालरीसारखी दुमडते. मुले हसतील, पण याच झालरीतून १९९७ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात दाइना ताइमिन्या या लॅटव्हियन गणिती बाईंनी एका अवघड भूमितीचे पृष्ठ विणून विद्यार्थ्यांच्या हातात दिले होते. आपल्याला मात्र टोपडे हवे. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर सुमारे ३५ सेंटिमीटर; तेव्हा चकती ११ सेंटिमीटर रुंद झाली की वाढवणे थांबवायचे. सरळ विणत गेले की कड आपोआप खाली वळते.

मुलांनी वहीत तीन रकाने आखावेत. टोपड्याला लागलेले तास, सुताची किंमत, आणि तसेच टोपडे गावच्या बाजारात किंवा तालुक्याच्या दुकानात कितीला मिळते तो भाव. भावातून सूत वजा करायचे, दुकानदाराचा नफा तूर्त सोडून द्यायचा, आणि उरलेल्या रकमेला तासांनी भागायचे. उत्तर आले की त्याच्या शेजारी आपल्या गावात त्या हंगामात खुरपणीला जो दर चालू असेल, तो तासाच्या हिशेबाने लिहून ठेवायला सांगावे.