शब्दकोडे आणि रामगिरी

रामटेकच्या डोंगरावर कालिदासाचे स्मारक आहे. १९९७ साली स्थापन झालेले संस्कृत विश्वविद्यालयही त्याच कवीच्या नावाचे. अशा गावी सकाळच्या वर्तमानपत्रातील शब्दकोड्यात ‘मेघ’ एवढाच अर्थ आणि पुढे तीन घरे दिसली, तर उत्तर सोपे वाटेल. परंतु जलद, नीरद, वारिद, अंबुद, तोयद हे सारेच शब्द तेथे बसतात. अमरकोश पाठ असलेल्याची अडचण तर अधिकच. नवशिका पहिला सुचलेला शब्द लिहून मोकळा होतो. मुरलेला मनुष्य शेवटच्या घरात पेन्सिलीने हलकेच ‘द’ लिहितो आणि उभ्या शब्दांची वाट पाहतो. कदाचित ‘जीमूत’ निघेल आणि तो ‘द’ही खोडावा लागेल, हे त्याला ठाऊक असते. शब्दकोडे शिकणे म्हणजे शब्दसंग्रह वाढविणे नव्हे. आपले उत्तर दुसऱ्या बाजूने तपासले जाईपर्यंत त्यावर विश्वास न ठेवणे होय.

कूट आणि प्रहेलिका आपल्याकडे जुन्याच. दंडीने ‘काव्यादर्शा’त प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितले असून क्रीडागोष्ठी, गर्दीतील गुप्त संभाषण व दुसऱ्याला चकविणे हे त्यांचे उपयोगही नोंदविले आहेत. पण प्रहेलिका एकटी असते; तिच्या उत्तराची साक्ष देणारा शेजारी नसतो. एकमेकांना छेदणारे शब्द वर्तमानपत्राच्या वाचकापुढे आले ते २१ डिसेंबर १९१३ रोजी, ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मधील आर्थर विन यांच्या हिऱ्याच्या आकाराच्या कोड्यातून. १९२४ साली अमेरिकेत कोड्यांचे पहिले पुस्तक निघाले तेव्हा सोबत पेन्सिलही दिलेली होती. लंडनच्या ‘टाइम्स’ने मात्र या खेळाला १९३० पर्यंत दाराबाहेर ठेवले.

भारतात शब्दकोड्याला मध्यंतरी निराळेच वळण लागले. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत बक्षिसांच्या कोडेस्पर्धांना ऊत आला. एका अर्थाला दोन-तीन शब्द सारखेच लागू पडत. खरे कोणते, हे आधीच मोहोरबंद ठेवलेल्या उत्तरावरून ठरे. म्हणजे मेघासाठी ‘वारिद’ लिहिणारा चूक नसूनही हरे. १९५५ च्या बक्षीस-स्पर्धा कायद्याने महिन्याच्या बक्षिसांवर एक हजार रुपयांची आणि प्रवेशिकांवर दोन हजारांची मर्यादा घातली. बंगळूरहून निघणाऱ्या एका पत्रातील स्पर्धेवर मुंबई राज्याने कर लावला होता. तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा १९५७ साली न्यायालयाने अशी स्पर्धा जुगार ठरविली; मात्र ज्यांत यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असते, त्या स्पर्धा वेगळ्या मानल्या. हा भेद कायद्याचा खरा, पण वाङ्मयाच्या अभ्यासकानेही ध्यानात ठेवावा असा आहे. उत्तर लिफाफ्यात असेल तर तो तर्क; उत्तर चौकटीतच तपासता येत असेल तर तो अभ्यास.

रामगिरी कोठे, हे कोडेही असेच आहे. मल्लिनाथाने त्याचे उत्तर चित्रकूट असे दिले. रामायणाचे स्मरण ठेवले तर ते घरात नेमके बसते. पण मेघदूतातील मार्ग हा त्याला छेदणारा शब्द आहे: रामगिरीवरून निघालेल्या मेघाला उत्तरेकडे जाताना वाटेत रेवा लागते, आणि चित्रकूट तर नर्मदेच्या उत्तरेस. वा. वि. मिराशी यांनी रामटेकचा पक्ष मांडताना काव्याबाहेरचा आणखी एक उभा शब्द पुढे ठेवला. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिच्या रिद्धपूर ताम्रपटात, तो रामगिरीस्वामीच्या पायापासून दिल्याचा उल्लेख आहे. आणि वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे आजचे नगरधन, रामटेकच्या शेजारीच आहे. काव्य, भूगोल आणि ताम्रपट एकाच घरात एकच अक्षर मागतात. छत्तीसगडमधील रामगढाचा दावाही मांडला जातो. तो तपासायचा तरी याच रीतीने.

आपल्या गावाच्या बाजूने लागणारे उत्तर नेहमीच गोड वाटते. म्हणूनच रामटेककरानेही ते आधी पेन्सिलीने लिहावे. मिराशींचे ऋण मानायचे ते रामटेक मोठे केले म्हणून नव्हे, तर उभे शब्द दाखवून मग शाई वापरली म्हणून.